रिकाम्या गाडीचं वजन

१

आर्लिस ब्रेकीने उभी हयात शाळेची बस चालवली. दक्षिण डकोटाच्या त्या सपाट मुलखात शेतं मैलोन् मैल पसरलेली. हाकेच्या अंतरावर तर सोडाच, नजरेच्या टप्प्यातही शेजारचं घर नाही. मुलं गोळा करत फिरायचं म्हणजे रोजचा एक प्रवासच. ती निवृत्त झाली, पण सवय काही निवृत्त झाली नाही. सकाळी कॉफी झाली की आपली छोटी मोटार काढायची आणि त्याच जुन्या रस्त्याने एक फेरी मारून यायची. कुणाला घ्यायचं नाही, कुणाला सोडायचं नाही.

"पेट्रोल जाळून रिकाम्या हाती घरी येतेस," तिची थोरली बहीण फर्न म्हणायची. "यापेक्षा दारू पी. निदान लोकांना कारण तरी कळेल."

त्या फेरीतच तिला ती गाडी दिसली. ऑर्विल टेस्कीच्या धान्याच्या कोठारामागे उभी होती. जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर. बससारखं चपटं तोंड, दुधी रंग, कडेने तपकिरी पट्टे, मोठ्ठी काच. बर्फ वितळल्यापासून आर्लिस रोज तिच्याकडे बघत पुढे जायची आणि रोज मोटारीचा वेग जरासा कमी व्हायचा.

त्या हिवाळ्यात ती अंगणातल्या बर्फावर घसरून पडली होती. मनगट मोडलं. रस्त्याने जाणाऱ्या कुणाचं लक्ष जाईपर्यंत तशीच पडून राहिली, आभाळाकडे बघत. तेव्हापासून तिची लेक मार्नी हात धुऊन मागे लागली होती. सू फॉल्स शहरात मार्नीच्या घरात आईसाठी खोली तयार होती. पडदे लावून झाले होते, न्हाणीघरात धरायला दांडाही बसवला होता. आर्लिस ती खोली बघून आली. स्वच्छ, उबदार, शहाणी खोली. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसत होती.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ती टेस्कीच्या फाटकातून आत वळली.

ऑर्विल टेस्की उंच, वाकलेला, मोजकं बोलणारा म्हातारा. विकायची आहे का, असं विचारल्यावर त्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तुम्हाला हवी आहे?"

"बघते तरी."

आणि तिने बघितली. माणूस बाजारात भाजीची जुडी बघतो तशी नव्हे. सासू सून बघते तशी. आतल्या भिंती कोपऱ्याकोपऱ्यात अंगठ्याने दाबून बघितल्या, कुठे ओल मुरून मऊ पडल्यात का. कपाटांत डोकं घालून वास घेतला. शिडी लावून छताचे सांधे तपासले. गॅसवरचा फ्रिज लावून बघितला, इंजिन चालू करून कान दिला. डाग नाही, वास नाही, कुठे मऊ नाही. एवढ्या जुन्या गाडीत असं सापडत नाही.

एकच गोष्ट तिला खटकली. गाडीच्या पोटाखाली चारी कोपऱ्यांना आणि मध्ये, जाडजूड लाकडी ठोकळे घणाने ठोकून घट्ट बसवलेले होते. सुरीचं पातंही शिरणार नाही इतके घट्ट.

"हे कशाला, ऑर्विल? टायर तर उत्तम आहेत."

"टायरसाठी नाहीत ते."

"मग?"

"हलू नये म्हणून." तो शेताकडे बघत म्हणाला, "वारा असतो इथे."

ती आत-बाहेर करत होती तेवढा वेळ तो गवतातच उभा होता. पायरीवर पाऊलही ठेवलं नाही त्याने. सौदा ठरल्यावर किल्लीही हातात दिली नाही, कुंपणाच्या खांबावर ठेवली. आर्लिसने घण मागून घेतला आणि स्वतःच ठोकळे पाडले. शेवटचा निघाला तशी गाडी स्प्रिंगांवर हळूच खाली बसली, दिवसभर उभं राहिलेल्या माणसासारखी.

ऑर्विलने डोक्यावरची टोपी काढली.

ऊन फार आहे, आर्लिसला वाटलं.

२

अशी गाडी ज्याने वापरली आहे त्याला एक गोष्ट माहीत असते. आत कुणी चाललं की बाहेरून कळतं. घर असलं तरी ते चाकांवर उभं असतं. एका माणसाच्या पावलांनीही ते डुलतं. कुणी पायरी चढलं की दाराची बाजू किंचित दबते. कुणी मागच्या पलंगाकडे गेलं की मागचं अंग बसतं. बाहेर खुर्ची टाकून बसलेला नवरा, आत बायको काय करते आहे ते न बघता सांगू शकतो.

आर्लिसला हे ठाऊक नव्हतं. तिची ही पहिलीच गाडी. त्यामुळे ती बाहेरून काच पुसत असताना गाडी जराशी डुलली, तेव्हा तिला वाटलं आपल्याच हाताचा जोर लागला.

तिने हात थांबवला. गाडी आणखी एकदा डुलली. मागून पुढे. मग एका जागी थांबली.

आत फ्रिजजवळ जमिनीतली एक फळी करकरली.

उन्हाने लोखंड तापतं, पसरतं, आवाज करतं. हे तिला बसमुळे चांगलं माहीत होतं. वाराही असतो. तिने अंगणातल्या दोरीकडे पाहिलं. दोरीवरची चादर सरळ खाली लोंबत होती, इस्त्री केल्यासारखी.

ती आत गेली. कुणी नव्हतं. टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंचे बाक, समोर लांब कोच, मागे पलंग. तिने ती फळी पायाने दाबली. करकरली. मग हत्यारांची पेटी आणली, गालिचा उचलला आणि फळीला दोन स्क्रू मारले. पुन्हा दाबून बघितलं. मुकी.

"झालं," ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या गाडीत आपला आवाज जरा जास्तच मोठा वाटतो आहे, हेही तिच्या लक्षात आलं.

त्याच दिवशी तिने चालकाच्या सीटसमोर, काचेच्या वरच्या कडेला, बसमध्ये असतो तसा रुंद आरसा बसवला आणि सीटवरूनच दार ओढायची मूठही. मागचं सगळं दिसलं नाही तर तिला गाडी चालवताच येत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बागेत कांदे लावत होती. मान वर केली. गाडी डुलत होती. फळी करकरत नव्हती, एवढाच फरक.

३

रविवारी मार्नी आली. अंगणातल्या त्या धुडाकडे बघून ती मोटारीतच क्षणभर बसून राहिली.

"आई, हे काय?"

"माझं घर. ये ना."

"तुझं घर हे मागे आहे. ज्याला पाया आहे ते."

तरी ती आत आली. आर्लिसने गाडीतल्याच शेगडीवर कॉफी केली आणि फर्नने पाठवलेला कुखन, म्हणजे तिकडचा जर्मन केक, कापला, वर दाट दुधाची साय घट्ट बसवलेला. दोघी टेबलाशी समोरासमोर बसल्या. मार्नीने सगळीकडे नजर फिरवली आणि मान्य करायचं नाही असं ठरवूनसुद्धा म्हणाली, "स्वच्छ आहे पण."

"मग!"

"आई, मी भांडायला आले नाही. तू पडलीस तेव्हा मी इथे नव्हते. पुन्हा तसं झालं आणि तू कुठल्या वाळवंटात एकटी असलीस तर? मला झोप लागत नाही गं."

पोरीचं खरं होतं. ती म्हणाली, "एक खेप करू दे. फर्नला घेऊन डोंगरापलीकडे जाते, वायोमिंगला, गरम पाण्याच्या झऱ्यांवर. धड जाऊन आले तर माझं खरं. घाबरून, अर्ध्यातून परत आले तर गाडी विकते आणि तुझ्या खोलीत येऊन पडते."

"शब्द?"

"शब्द."

त्याच वेळी दाराची बाजू दबली. टेबलावरच्या कपात कॉफीची कड एका बाजूला चढली. कुणीतरी पायरीवर पाय ठेवला होता.

दोघींनी दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं, जाळीचं दारसुद्धा. बाहेर गवत, ऊन, मार्नीची मोटार. गाडी पुन्हा सरळ झाली, आणि मग मधला भाग हलकेच दबला. म्हणजे जे कुणी होतं ते आत आलं होतं.

"काय झालं?" मार्नी म्हणाली.

"गाडीखालचे लोखंडी टेकू ढिले आहेत," आर्लिस म्हणाली. "आवळायचे राहिलेत."

लेकीची मोटार वळणाआड गेल्यावर तिने ऑर्विल टेस्कीला फोन लावला.

"ऑर्विल, खरं सांगा. ठोकळे कशासाठी होते?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"ठोकळ्यांवर शांत असते," तो मग म्हणाला. "चालत असली तरी शांत असते. नुसती उभी असली की..."

"की काय?"

"पाठवून देऊ का ठोकळे?"

आर्लिसने फोन ठेवला. अंगणात गाडी शांत उभी होती. तिला वाटलं, आपण गाडीकडे बघत नाही आहोत. ती आपल्याकडे बघते आहे, आणि वाट बघते आहे.

४

पण ऑर्विल खोटं बोलला नव्हता. हमरस्त्याला लागल्यावर गाडी शहाण्यासारखी धावली. मिसुरी नदी ओलांडली, मातीचे उघडे-बोडके कडे मागे पडले. फर्न शेजारच्या सीटवर काठी मांडीवर आडवी घेऊन बसली होती आणि दोन सीटांमधल्या इंजिनाच्या झाकणावर सँडविच शेकत होती.

"चटके बसताहेत गं पायांना. ही गाडी आहे की तवा?"

"बूट काढू नकोस, म्हणाले होते मी."

"पंच्याहत्तरी उलटल्यावर माणसाने कुणाचं ऐकायचं नसतं."

आर्लिस हसली. किती दिवसांनी आपण मोठं काहीतरी चालवतो आहोत! हातात स्टिअरिंगचं रुंद चक्र, समोर सगळा देश उघडा. मोडून जुळलेल्या मनगटात जोर आला होता. एकच गोष्ट तिला कळत नव्हती, आणि ती तिने फर्नला सांगितली नाही. रिकामी बस आणि भरलेली बस यांतला फरक चालकाच्या उजव्या पायाला कळतो. चढावर ती वेगळी ओढते, थांबताना वेगळी ढकलते. आर्लिसचा पाय सांगत होता, गाडी भरलेली आहे.

सामानाचं वजन असेल. पाण्याची टाकी भरली आहे. जुनं इंजिन, दमत असेल. तिने कारणं एकावर एक रचली आणि पायाचं म्हणणं कानामागे टाकलं.

बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या, गाड्या लावायच्या तळावर त्यांनी मुक्काम केला तेव्हा दुपार अजून कलायची होती. दोघींनी बाहेर खुर्च्या टाकल्या. फर्न पायांवर थंड पाण्याचा फडका ठेवून डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाली,

"आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"माझ्या खुर्चीची पाठ गाडीला टेकली आहे, आर्लिस. मी म्हातारी आहे, बधिर नाही."

आर्लिसने बघितलं. गाडी डुलत होती. मागून पुढे, पुढून मागे, मध्ये थांबून, पुन्हा. हे आता एका माणसाचं चालणं वाटत नव्हतं. पुढचं अंग दबलेलं असतानाच मागचंही दबत होतं.

"वारा," ती म्हणाली.

"पान हलत नाहीये."

आर्लिस उठली.  ती पायरी चढून आत गेली. उन्हाची तिरीप टेबलावर पडली होती. बाक रिकामे. कोच रिकामा. आणि तिच्या डोळ्यांदेखत खिडकीकडच्या बाकाची गादी हळूहळू, सावकाश, वर येत होती. जुना फोम दबून सुटला की येतो तशी.

ती उभी राहून गादी पूर्ण सपाट होईपर्यंत बघत राहिली. मग सँडविचचा डबा उचलला आणि बाहेर आली.

"काय होतं?" फर्नने विचारलं.

"उंदीर असेल."

"केवढा?"

आर्लिस बसली. तिच्या डोळ्यांसमोर ती खोली आली. पडदे, दांडा, समोरची भिंत. गाडी आत्ता वळवली तर परवा घरी. मार्नी काही बोलणार नाही, उलट मिठी मारेल. तेच जास्त वाईट.

"फर्न, परत जायचं का?"

फर्नने आता डोळे उघडले. तिने गाडीकडे पाहिलं. "मला विचारशील तर हो," ती म्हणाली. "मी भेदरले आहे. खोटं कशाला बोलू? पण तू मला विचारू नकोस. मी जन्मभर शेजारच्याच सीटवर बसत आले."

 रात्री दोघी मागच्या पलंगावर एकमेकींना चिकटून, लहानपणासारख्या झोपल्या. सकाळी तिने टायर पाहिले, तेल पाहिलं, टेकू वर घेतले आणि गाडीचं तोंड डोंगराकडे केलं.

५

चढ चांगला गेला. खिंडीवर जूनमध्येही बर्फ होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना मळकट ढीग, त्यावर लख्ख ऊन. फर्नने कॉफी ओतून दिली. मग उतार लागला.

पलीकडे रस्ता कड्याच्या अंगाला चिकटून, वळणं घेत घेत खाली दरीत उतरतो. आर्लिसने खालचा गिअर टाकला. ब्रेक दाबून धरून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा; हे ती नव्या चालकांना शिकवत आली होती. पण गाडी ढकलत होती. अंगात आल्यासारखी पुढे रेटत होती. पाय सांगत होता: भरलेली. खच्चून भरलेली.

दुसऱ्या वळणानंतर ती हलायला लागली.

चालत असताना शांत असते, म्हणाला होता ऑर्विल. आर्लिसला चक्रात कळलं. मागचं अंग दबलं, सुटलं. मग मधलं. गाडी डावीकडे वळली तशी बाहेरच्या, दरीच्या बाजूला जास्तच झुकली. जणू आत उभी असलेली माणसं वळणासरशी तोल जाऊन त्या बाजूला कलली होती. टायर किंचाळले. कपाटातली भांडी खणखणली. काचेत रस्ता संपला आणि नुसती हवा दिसली, मग पुन्हा रस्ता आला.

"सावकाश गं!" फर्न ओरडली.

"ऐकत नाहीये."

जळका वास आला. ब्रेक. तिने पाय दाबला आणि पाय मऊ मऊ खाली गेला, लोण्यात सुरी जावी तसा.  तिने पाय उचलून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. थोडं धरलं, सुटलं.

आणि पावलं पुढे आली. आवाज नव्हता, नुसतं वजन. टेबलापाशी. फ्रिजपाशी. मग दोन सीटांच्या अगदी मागे, आणि तिथे थांबलं. इंजिनाची धग असूनही तिच्या मानेवर गारवा पसरला, उन्हात फ्रिज उघडावा तसा.

 फर्न आरशाकडे बघत होती. 

"आर्लिस," ती अगदी हळू म्हणाली, "मागे बघू नकोस."

पण इतक्या वर्षांची मान कुणाचं ऐकते? वळणाआधी आरसा बघायचाच. आर्लिसने वर पाहिलं.

तिच्याच सीटच्या पाठीवर दोन हात होते. मोठ्या माणसाचे, शिरा उठलेले. पण धरलं होतं लहान मुलं धरतात तसं, अंगठे आत दुमडून. त्या हातांच्या मागे आणखी हात, मधल्या वाटेत एकमेकांना धरून, शेवटच्या पलंगापर्यंत. हातांच्या वर जिथे चेहरे असायला हवेत तिथे आरशाची कड आली होती.

भीती तर वाटलीच.  पण त्या भीतीच्या पोटातून दुसरंच काहीतरी उसळून वर आलं, आणि ते भीतीहून जुनं होतं. ते उभे होते. उतारावर, वळणावर, गाडी चालू असताना, वाटेत उभे.

आर्लिसने नजर रस्त्यावर आणली, छाती भरून श्वास घेतला आणि तो आवाज लावला जो तिने निवृत्तीनंतर एकदाही लावला नव्हता.

"ए! गाडी चालू असताना उभं राहायचं नाही!"

काच थरथरली. फर्न सीटमध्ये दचकून उडाली.

"आपापल्या जाग्यावर बसा! सगळे! आत्ता! पाय वाटेत नकोत, हात खाली! मी पुन्हा सांगणार नाही!"

क्षणभर काहीच झालं नाही. वळण अंगावर येत होतं. मग मानेवरचा गारवा सुटला. वजन मागे सरकलं. आणि तिला ऐकू आलं: बाकाच्या गादीने फुस्स करून हवा सोडली. मग दुसऱ्या बाकाने. मग कोचाने, एकदा, दोनदा, पुन्हा. शेवटी, अगदी मागे, पलंगाच्या स्प्रिंगा कुरकुरल्या.

गाडी सरळ झाली. वजन खाली बसलं, जड आणि स्थिर, आणि चाकांनी रस्ता धरला. आर्लिसने गिअर आणखी खाली आणला. इंजिन बैलासारखं हंबरलं. ब्रेकचा पाय उचल-दाब, उचल-दाब. वळण आलं, गेलं. पुढचं आलं, तेही गेलं. कड्याच्या सावलीत रस्त्याकडेला रुंद खडीची जागा दिसली, तिने तिकडे चक्र वळवलं, आणि खडी उडवत, घसटत, हुंकारत गाडी थांबली.

धूर. शांतता. कुठेतरी खाली ओढ्याचा आवाज.

"बसलं," फर्न कुजबुजली. "आर्लिस, ते बसलं."

आर्लिसने डोकं चक्रावर टेकलं होतं. आणि ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. फर्नने तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिलाही हसू फुटलं. भर दुपारी त्या कड्याखाली दोघी म्हाताऱ्या वेड्यासारख्या हसत बसल्या. हसता हसता फर्नने काठी उचलली आणि काठीच्या टोकाने आरसा छताकडे ढकलून दिला.

६

झऱ्यांच्या गावी मेकॅनिकने ब्रेक उघडले. जुनं तेल उकळलं होतं, म्हणाला. आता बदललं, पुन्हा होणार नाही. मग हात पुसत त्याने विचारलं, "एवढा माल काय भरला होता, बाई? मागच्या स्प्रिंगा पार सपाट झाल्यात."

"बहिणीचं सामान," आर्लिस म्हणाली.

"माझ्यावर ढकल," फर्न म्हणाली.

दोघी गंधकाच्या वासाच्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसल्या. तिथूनच, ओल्या हाताने, आर्लिसने मार्नीला फोन केला.

"पोचलीस? काही त्रास?"

"ब्रेक गेले होते उतारावर."

"आई!"

"गेले होते, मी आणली खाली. ऐक मार्नी. मी घाबरले. खूप घाबरले. पण अर्ध्यातून परत आले नाही."

 पलीकडून लेकीने नाक ओढल्याचा आवाज आला. "ती खोली मी शिवणकामाला घेऊ का मग?"

"घे बाई. उजेड कमी आहे, दिवा मोठा लाव."

"आणि आता कुठे?"

आर्लिसने फर्नकडे पाहिलं. फर्नने खांदे उडवले, पण डोळे चमकत होते. तिने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता.

"पश्चिमेला," आर्लिस म्हणाली. "रस्ता संपेपर्यंत."

७

निघायच्या सकाळी दोघी तळावरच्या बाकावर कॉफी घेत बसल्या होत्या. गाडी समोर उभी, दार उघडं. दाराची बाजू दबली आणि सुटली. मग पुन्हा दबली, सुटली. पुन्हा. ते उतरत होते, एकामागून एक, उन्हात. गवत वाकत नव्हतं, पण झऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरची चिमणी उडाली, मग तिच्या पुढची, मग तिच्याही पुढची.

शेवटी गाडी आपल्या स्प्रिंगांवर चांगलीच उंच झाली. रिकामी गाडी अशी उभी राहते.

फर्नने आर्लिसचा दंड घट्ट पकडला. "आर्लिस, उठ. सगळे खाली गेलेत. दार लाव आणि निघ. पळ!"

आर्लिस उठली. पायरी चढली. सीटवर बसून तिने इंजिन चालू केलं आणि कितीतरी दिवसांनी त्याचा हलका, मोकळा आवाज ऐकला. फर्न धापा टाकत शेजारी येऊन बसली. आर्लिसने दार लावायच्या मुठीवर हात ठेवला.

एवढंच करायचं होतं. मूठ ओढायची. गाडी तिची, रस्ता तिचा, आणि मागे कुणी नाही. फर्न तिच्या हाताकडे बघत होती.

आर्लिसने बाहेर पाहिलं. झऱ्यावरची वाफ उन्हात वर जात होती आणि वाट रिकामी होती. तिच्या मनात आलं, ते परत येतील, आणि इथे काहीच नसेल. गवतावर चाकांच्या खुणा असतील फक्त. कुणीतरी त्यांना असंच कुठेतरी सोडून गेलं असेल का? की ते कुणाला सोडून आले होते? तिला ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारणार?

तिने मुठीवरचा हात काढला आणि हॉर्नवर ठेवला. दोनदा वाजवला. छोटा, मग लांब.

"वेडी आहेस तू," फर्न म्हणाली.  "जन्माची वेडी आहेस."

"पट्टा बांध."

थोडा वेळ काही नाही. मग पायरी दबली. सुटली. गारवा दोघींच्या मधून मागे गेला. पायरी पुन्हा दबली, पुन्हा सुटली. गाडी हळूहळू, एकेका वजनाने, खाली बसत गेली. मागे गाद्या सुस्कारत होत्या. आर्लिस दार उघडं ठेवून, पुढे बघत, बोटांनी चक्रावर ठेका धरून थांबली. घाई न करता, शेवटची पायरी दबून सुटेपर्यंत. मग तिने दार ओढून घेतलं.

आरसा अजून छताकडेच होता. तिने हात वर केला, आरसा धरला आणि खाली वळवला. मागचं सगळं दिसेल, चेहऱ्यांसकट, इतका खाली. आणि बघितलं.

ती बराच वेळ बघत होती. फर्नने डोळे घट्ट मिटून घेतले होते. आपल्या बहिणीचा श्वास एकदा अडकला आणि मग संथ झाला, एवढं तिने ऐकलं.

"किती आहेत?" फर्नने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

आर्लिसने गिअर टाकला. गाडी जड, आज्ञाधारकपणे पुढे सरकली.

"सगळे आहेत," ती म्हणाली.